शेवगा: काय पानात वाढायचं आणि काय वैद्यांवर सोडायचं

शेवग्याच्या झाडाचा एक सरळ हिशेब आहे. शेंड्याकडे असतं ते अन्न आणि बुंध्याकडे असतं ते औषध. पानं, फुलं, कोवळ्या शेंगा रोजच्या जेवणात बिनधास्त खाव्यात. साल आणि मूळ मात्र घरच्या खलबत्त्यात घालायची वस्तू नव्हे. वाळलेलं बी झाडाच्या वरच्या भागातलं असलं तरी त्याची गणती खालच्या गटात करायची. हा एवढा फरक सांभाळला तर शेवग्यासारखं उपकारी झाड दुसरं नाही. न सांभाळल्याने होणारे घोळ पुढे येतीलच.

संस्कृतात हा शिग्रु किंवा शोभांजन. मालवणी मुलखात शेगूल, गोव्यात मशिंग, विदर्भात मुंगना. चरकसंहितेत शिग्रु कृमिघ्न, स्वेदोपग आणि शिरोविरेचनोपग अशा तीन गटांत येतो. म्हणजे जंतांवर, घाम आणण्यासाठी आणि डोक्यात साठलेला कफ मोकळा करण्यासाठी. सुश्रुताच्या वरुणादि गणातही, म्हणजे औषधी वनस्पतींच्या एका गटातही, तो आहे. चव तिखट-कडू, गुण उष्ण, कफ आणि वात कमी करणारा, पित्त वाढवणारा. यातला ‘उष्ण’ हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण शेवगा बाधला अशा बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. ज्याला आधीच छातीत जळजळ, तोंड येणं किंवा रक्ती मूळव्याध आहे, त्याने रिकाम्या पोटी पानांचा रस घेतला तर त्रास वाढणारच.

आकड्यांचा फुगा

‘दुधाच्या सतरापट कॅल्शियम, संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व’ हे वाक्य शेवग्याच्या पानांच्या भुकटीच्या डब्यांवर वाचायला मिळतं. यात गोम अशी की कॅल्शियमचा आकडा वाळलेल्या पानांचा घेतात, क जीवनसत्त्वाचा ताज्या पानांचा घेतात, आणि दोन्ही एकाच डबीवर छापतात. प्रत्यक्षात पानं वाळली की क जीवनसत्त्व जवळजवळ उडून जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिनं, ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि शंभरेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. पालेभाजी म्हणून हे आकडे उत्तमच आहेत. पण माणशी वाढलेल्या भाजीत कच्ची पानं असतात साधारण ५० ग्रॅम. त्यातून दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, म्हणजे सव्वाशे मिली गाईच्या दुधाइतकं. भुकटीचा एक सपाट चमचा भरतो दोन-अडीच ग्रॅम. त्यात कॅल्शियम ४०-५० मिलिग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम. एक चमचा भुकटी पाण्यात ढवळून प्यायलो म्हणजे दिवसभराचं पोषण झालं, हा समज इथेच संपतो. आठवड्यातून दोनदा केलेली भाजी त्यापेक्षा कितीतरी जास्त देते.

लोहाचंही तसंच. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, आणि भाजीच्या एका वाढपातून मिळतं दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असताना गोळ्या बंद करून शेवग्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. गोळ्याही घ्या, भाजीही खा, भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. चहातला टॅनिनसारखा भाग लोहाला धरून ठेवतो.

कच्चा रस चांगला की शिजवलेली भाजी, हा वाद लोहापुरता तरी भाजीच्या बाजूने सुटतो. शेवग्याची पानं पाण्यात उकळल्यावर त्यातलं लोह शरीराला मिळण्याजोगं होण्याचं प्रमाण प्रयोगशाळेतल्या चाचणीत सुमारे तिप्पट झालेलं दिसलं आहे. आजी भाजी शिजवून वाढायची, त्यात शास्त्र होतं.

पाला निवडण्याची युक्ती

शेवग्याची भाजी घरात होत नाही त्याचं खरं कारण चव नसून निवडणं हे आहे. एकेक पान खुडत बसलं तर तास जातो. त्यावर जुना उपाय आहे. संध्याकाळी फांद्या आणा, झटकून घ्या, जुन्या सुती धोतरात किंवा पंच्यात सैल गुंडाळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गाठोडं उघडून फांद्या दोन-चारदा आपटल्या की बहुतेक पानं आपोआप देठ सोडून कापडावर पडलेली असतात. उरलेली पानं, काडी दोन बोटांत धरून उलट्या दिशेने ओढली की निघतात. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र गुंडाळू नका. आत वाफ धरते, पानं पिवळी पडतात आणि आंबूस वास येतो.

जून फांदीची गडद, जाडसर पानं कडू लागतात. शेंड्याकडची पोपटी पानं आणि त्याखालची पाच-सहा देठं एवढीच घ्या. बारीक काड्या राहिल्या तर त्या शिजत नाहीत आणि घशात टोचतात. लहान मुलं शेवग्याच्या भाजीला कायमचा नकार देतात तो बहुधा या काड्यांमुळे.

भाजी

चौघांसाठी २०० ग्रॅम निवडलेली पानं, पाव वाटी मूगडाळ (अर्धा तास भिजवलेली), एक मोठा कांदा, ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल आणि तीन चमचे ओलं खोबरं. पानं तीन पाण्यांतून काढून चाळणीत निथळवा. फोडणीत मोहरी तडतडली की लसूण तांबूस करा, मग मिरची आणि कांदा. कांदा पारदर्शक झाला की डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून पाच-सात मिनिटं झाकून शिजवा. डाळ बोटाने दबायला लागली पण अख्खी आहे, अशा वेळी पानं घाला.

इथून पुढे झाकण ठेवायचं नाही. झाकलं की पानं काळपट होतात आणि कडवटपणा आतच कोंडतो. मध्यम आचेवर, हलवत, सहा ते आठ मिनिटं. मीठ शेवटी घाला, कारण पानं बसून पाव होतात आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. खोबरं घालून उतरवा. तरीही कडू लागली तर गूळ घालून कडूपणा लपवण्यापेक्षा पुढच्या वेळी कोवळा पाला आणा.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या ठरलेल्या. श्रावणात पावसामुळे झाडाला भरपूर कोवळी फूट असते, पचन मंदावलेलं असतं आणि ही भाजी तिखट-उष्ण गुणाची. त्या दिवशी त्या घरात दुसरी भाजी विचारू नये.

बाळंतिणीला शेवग्याची भाजी द्यायची पद्धत आपल्याकडे आहे, तशीच फिलिपिन्समध्येही आहे. तिथे या पाल्याला मलुंगाय म्हणतात आणि दूध वाढावं म्हणून त्याचं सूप देतात. यावर तिथे झालेल्या छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांनी, पोट ठीक असेल तर अर्धी वाटी भाजीपासून सुरुवात करावी.

भुकटी घरी करायची तर

पाला मुबलक असेल तेव्हाच हा उद्योग करा. निवडलेल्या एक किलो पानांतून २०० ते २५० ग्रॅम भुकटी निघते.

१. सकाळी दव उतरल्यावर फांद्या तोडा. पिवळी, ठिपके पडलेली, जाळं धरलेली पानं त्याच वेळी बाजूला काढा.

२. फांद्यांसकट पिण्याच्या पाण्यात दोनदा बुचकळून धुवा, मग उलट्या टांगून निथळू द्या. निवडल्यानंतर धुतली तर सुटी पानं एकमेकांना चिकटतात आणि मध्ये ओल राहते.

३. पानं सुती कापडावर एकेरी थरात पसरा. वारा खेळणारी, ऊन न येणारी जागा हवी. वर मच्छरदाणीचं कापड घाला. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी हलक्या हाताने उलटा.

४. कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत वाळतात. पान मुठीत चुरडल्यावर ‘कर्र’ वाजून भुगा झाला पाहिजे. नुसतं दुमडलं तर अजून ओल आहे.

५. मिक्सरमध्ये थोडं थोडं, थांबत थांबत दळा. भांडं तापलं की भुकटीचा रंग उतरतो. चाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग गडद काचेच्या बरणीत भरा.

बिघडतं ते बहुधा तिसऱ्या पायरीवर. ढीग जाड झाला की आतली पानं तापतात, आंबतात आणि तपकिरी होतात. उन्हात वाळवली तर रंग गवतासारखा फिका होतो आणि अ जीवनसत्त्वाचा मूळ घटक, म्हणजे कॅरोटीन, बराचसा नष्ट होतो. कोकणात जून ते सप्टेंबर हा उद्योग करूच नका. हवेतच इतकं दमट असतं की पान वाळायच्या आधी बुरशी धरतं. चांगल्या भुकटीचा रंग गडद हिरवा आणि वास वाळल्या मेथीच्या जवळ जाणारा. सहा महिन्यांत संपवा.

भुकटी म्हणजे कच्चा, न शिजलेला पाला, हे विसरायला होतं. धुण्या-वाळवण्यात झालेली घाण जशीच्या तशी बरणीत जाते. २०२५ साली अमेरिकेत शेवग्याच्या पानांच्या भुकटीतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं होतं. त्यामुळे थंड पाण्यात किंवा ताकात ढवळण्यापेक्षा उकळत्या आमटीत, पिठल्यात घालून दोन मिनिटं शिजू द्या, किंवा थालीपिठाच्या भाजणीत मिसळा. उष्णतेने क जीवनसत्त्व जाईल ही भीती नको. ते वाळवतानाच गेलेलं असतं.

प्रमाण: पहिला आठवडा अर्धा चमचा, जेवणासोबत. पोट बिघडलं नाही तर एक चमचा, वरची हद्द दोन. जास्त घेतली तर जुलाब आणि मळमळ या तक्रारी आधी येतात. साखर कमी करण्याबाबत मोजक्या लोकांवर झालेल्या चाचण्या आशादायक आहेत, पण त्यावरून मधुमेहाची गोळी सोडणं शहाणपणाचं नाही.

शेंगांचं सार आणि फुलं

सर्दी-पडसं, तोंडाला चव नाही, तापानंतर जेवण जात नाही, अशा वेळी शेंगांचं सार पाल्यापेक्षा सोपं पडतं. करंगळीएवढ्या जाडीच्या, सरळ, फुगीर गाठी नसलेल्या चार शेंगा घ्या. गाठी दिसल्या म्हणजे आत बी जून झालं. बोटभर तुकडे करून वरचा धागा अर्धवट सोला. पूर्ण सोलल्या तर गर पाण्यात विरघळून नुसती सालं उरतात. चार वाट्या पाण्यात चिमूटभर हळद घालून पंधरा-वीस मिनिटं उकळा. निम्मे तुकडे बाहेर काढा, चमच्याने गर खरवडून परत पाण्यात घाला, गाळा. तुपात जिरं, सहा-सात ठेचलेली मिरी आणि कढीपत्ता यांची फोडणी, दोन आमसुलं, मीठ. गरम असतानाच वाटीभर घ्या. यातली मिरी आणि शेंग दोन्ही उष्ण असल्याने पित्त असलेल्यांनी मिरी निम्मी करावी.

फुलांचा बहर आला की पहाटे झाडाखाली सडा पडतो. पडलेली फुलं घेऊ नका. फांदीवरची, अर्धी उमललेली घ्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली की आतले बारीक किडे वर येतात. मग पिळून, कांद्यावर परतून, दोन चमचे बेसन भुरभुरवून झुणक्यासारखी भाजी करतात. अंडं फोडून घातलं तरी छान लागते.

मुरगळलेल्या पायाला पाला

पहिल्या दिवशी शेक नाही. ताज्या मुरगळीवर उष्णता दिली तर सूज वाढते. त्या दिवशी थंड पट्ट्या आणि पाय उशीवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दोन मुठी पाला जाडसर ठेचा, तव्यावर एक चमचा एरंडेलात मऊ होईपर्यंत गरम करा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. चटका बसत नसेल तरच दुखऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना हा शेक देऊच नये. त्यांना भाजलेलं कळत नाही.

पाय टेकवताच येत नसेल, किंवा हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर पाला बाजूला ठेवा आणि क्ष-किरण तपासणी करून घ्या.

काही घरांत पाल्याऐवजी सालीचा लेप लावतात. ही साल मोहरीसारखी चरचरते. अर्ध्या तासाहून जास्त राहिली तर कातडी लाल होऊन फोड येतात. ‘लेप ओढतोय, म्हणजे काम करतोय’ असं म्हणून रात्रभर बांधून ठेवणारे सकाळी सुजेबरोबर फोडही घेऊन उठतात.

साल, मूळ, बी: इथे हात आवरा

शेवग्याच्या मुळाला झणझणीत तिखट वास असतो. इंग्रज इथे असताना ते किसून मांसाबरोबर चटणीसारखं खात. पण मुळाच्या सालीत मोरिंजिन, स्पायरोचिन अशी द्रव्यं असतात आणि त्यातलं स्पायरोचिन चेतासंस्थेवर परिणाम करतं. उंदरांवरच्या प्रयोगांत मुळाच्या अर्काने गर्भ रुजू दिला नाही. त्यामुळे गर्भवतीने मूळ आणि साल कोणत्याही रूपात घेऊ नये. भुकटी, गोळ्या, अर्कही टाळावेत. जेवणातली शेंग-भाजी डॉक्टरांना विचारून चालते. आतल्या गळवांवर वैद्य शिग्रूचा काढा देतात, पण तो रोग्याची प्रकृती आणि मात्रा पाहून. पुस्तकात वाचून घरी उकळायचा काढा तो नव्हे.

बियांना ग्रंथांत श्वेतमरिच असंही नाव आहे, आणि डोकेदुखीवर त्याचं चूर्ण नस्य म्हणून सांगितलं आहे. वैद्यांच्या देखरेखीशिवाय नाकात ओढू नका. आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. रोज उपाशीपोटी दोन-तीन बिया चावण्याची नवी टूमही सोडून द्या.

बियांचा खरा घरगुती उपयोग गढूळ पाणी निवळण्याचा. सुदानमधल्या बायका नाईलचं पाणी असंच निवळत आल्या आहेत. बीमधलं प्रथिन धन विद्युतभाराचं असतं आणि चिखलाचे कण ऋण भाराचे, म्हणून ते त्याला चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. झाडावरच वाळलेल्या शेंगेतलं बी फोडून आतला पांढरा गर घ्या. २० लिटरच्या बादलीला किंचित गढूळ पाणी असेल तर ५ बिया, मध्यम असेल तर १०, चहासारखं असेल तर २० आणि पुराचं लाल पाणी असेल तर ४०. गर कुटून, पेलाभर स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं खळखळवून, फडक्याने गाळून ते दुधाळ पाणी बादलीत ओता. दोन मिनिटं जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश. निदान तासभर हलवू नका. वरचं पाणी अलगद काढून, गाळून, उकळूनच प्या. जंतू बरेच कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. बीचा अंश पाण्यात राहत असल्याने ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर वास मारतं.

कोणी जपून

रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू असलेल्यांनी पाला एकदम सुरूही करू नये आणि एकदम बंदही करू नये. पानातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम वर-खाली होतो. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी भुकटी सुरू केली तर पहिले पंधरा दिवस मोजमाप वाढवावं. साखर खाली गेल्याची घेरी अशक्तपणा समजून आणखी एक चमचा भुकटी घेतली जाते. थायरॉइडची गोळी आणि भुकटी यांत चार तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना भुकटीतलं पोटॅशियम जड जातं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

झाड दारात लावताना

पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी फूटभर खोल पुरली की ती धरते. मुळाशी पाणी साचू देऊ नका, कुजतं. फक्त पाल्यासाठी हवं असेल तर झाड कमरेएवढं झाल्यावर शेंडा खुडा आणि दर दीड महिन्याने फांद्या छाटा. मोकळं वाढू दिलं तर पाला हाताला येत नाही, आणि लाकूड इतकं ठिसूळ की वादळात फांदी कौलांवर पडते.

पावसाळ्यात सकाळी बुंधा पाहायची सवय ठेवा. केसाळ सुरवंट दिवसा खोडावर चटईसारखे एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि रात्री पाला खायला वर चढतात. त्यांचे केस अंगाला लागले की खाज आणि गांधी उठतात, डोळ्यात गेले तर फारच वाईट. काठीने झाडू नका, केस हवेत उडतात. ते खोडावर एकत्र असतानाच, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून, साबणाचं दाट पाणी फवारा, आणि त्या आठवड्यात त्या झाडाचा पाला काढू नका.